बेबीनं माझी चुगली केली

आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या एका नव्या मुलीच्या आईला मणक्याचा टीबी निघाला. ती मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही यातून गेल्या आहात. आईसाठी थोडं लिहून द्या ना, तिला धीर येईल."

धीर द्यायचं काम मला जमत नाही. मला ज्यांनी ज्यांनी धीर दिला त्यांचा मला अजून राग येतो. पिशवीभर संत्री घेऊन यायची, पलंगाच्या पायथ्याशी उभं राहायचं, "तब्येत सुधारलेली दिसते हो" म्हणायचं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन साबणानं हात धुवायचे. नळाचा आवाज मला आत ऐकू यायचा. तेव्हा धीर सोडून बाकी जे झालं ते लिहिते.

औषधाचं आधी सांगून टाकते. डॉक्टर म्हणतील तितके महिने घ्या, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. मी आता चालते, नोकरी करते, भरलेली बादली उचलत नाही. औषधाबद्दल मला एवढंच कळतं.

दुसरं म्हणजे, यात मुलं येतील. पण मुलं कशी निरागस असतात आणि मोठ्यांनी त्यांच्याकडून कसं शिकावं, असलं काही वाचायची कोणाची इच्छा असेल तर त्यांनी इथंच थांबावं. मी ज्या वॉर्डात सात महिने काढले तिथं बारा खाटा होत्या आणि त्यातल्या आठांवर मुलं होती. मला त्यांचा उबग आला होता. त्यातल्या एकीनं मला धडा दिला हे खरं आहे, पण तो मी हात जोडून घेतला नाही.

बाहेर बसा

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. आम्ही कोराडीच्या कॉलनीत राहत होतो. माझे मिस्टर वीजकेंद्रात शिफ्टला जायचे आणि मी बसनं शहरात एक्स्चेंजला यायची. दिवसभर कानाला हेडफोन, समोर बोर्ड. ट्रंक कॉल लागला नाही की माणसं आईबहिणीवर यायची, आणि आम्ही म्हणायचं, "कृपया थांबा, प्रयत्न सुरू आहे." नोकरी लागली तेव्हा सुपरवायझरबाईंनी पहिली गोष्ट शिकवली ती हीच, की आवाज चढवायचा नाही. अकरा वर्षं मी आवाज चढवला नव्हता.

पाठ दुखायला लागली तेव्हा सगळे म्हणाले, बसून बसून दुखते. सासूबाईंनी तेल लावलं. सहा महिने मी दुखणं अंगावर काढलं आणि एक दिवस बसमधून उतरताना पाय उचललाच गेला नाही. मागचा माणूस मला बाजूला ढकलून उतरला.

एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो खिडकीकडे धरून पाहिला, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाहेर बसा." मणका माझा, आणि बाहेर मी बसले! आत मिस्टर वीस मिनिटं होते. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "काही नाही, हाडाला थोडी सूज आहे. ॲडमिट व्हावं लागेल." मी विचारलं नाही. समोरच्याला अडचणीत टाकायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली होती.

घरी सासूबाईंनी माझी ताटवाटी वेगळी काढली, त्यावरून मला जे कळायचं ते अर्धं कळलं. मग त्यांनी मिस्टरांना आणि मला समोर बसवलं.

"पोरीले काही सांगाचं नाई," त्या म्हणाल्या. "थे शाळेत जाईन अन् साऱ्याइले सांगीन. उद्या तिच्या लग्नाच्या वक्ताले लोक इचारतीन, तुह्या मायले काय झालं होतं?"

पोरगी म्हणजे आमची वैशाली. सहा वर्षांची, पहिलीत. तिचं लग्न ठरायला अजून पंधरा वर्षं होती, पण त्यासाठी तिची आई आजच लपवायची होती. शेवटी असं ठरलं की आई ट्रेनिंगसाठी दिल्लीला गेली असं सांगायचं. मी हो म्हणाले. सासूबाईंना दोष देणं सोपं आहे आणि मी तो बरीच वर्षं दिला, पण हो मीच म्हणाले. मी उठून चालेन की नाही हे कोणाच्याच हातात नव्हतं. पोरीशी खोटं बोलायचं की नाही, हे माझ्या हातात होतं.

शेजारीण

दवाखान्यात मला प्लास्टरच्या साच्यात ठेवलं. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पाठीखाली प्लास्टर, वरून पट्टे. हात मोकळे. मान डावीकडे जरा वळायची, उजवीकडे अजिबात नाही. वर छत, छताला पंखा, पंख्याला जळमट.

डावीकडच्या खाटेवर बेबी होती. सात वर्षांची, कळमेश्वरच्या पलीकडच्या खेड्यातली. तिच्या पायाला वजन बांधून ते खाटेच्या टोकावरून खाली सोडलं होतं. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "तुले मणक्याचा टीबी हाय. मले खुब्याचा हाय."

"तुला कोणी सांगितलं?"

"डाक्टर त्या शिकाऊ डाक्टरइले सांगत होता. तुले नाई सांगतलं?"

माझ्या आजाराचं नाव मला सगळ्यात आधी एका सात वर्षांच्या पोरीनं सांगितलं. मला इतका संताप आला की मी म्हणाले, "मोठ्यांच्या बोलण्यात नाक खुपसू नये." ती म्हणाली, "तुले भेव वाटते काय?" मी डोळे मिटून घेतले.

वॉर्डाची सकाळ सुईनं सुरू व्हायची. सुयांचा ट्रे घेऊन सिस्टर दारात दिसली की बेबी बोंब ठोकायची. सुई अजून पाच खाटा लांब असायची आणि हिचा आवाज फाटकापर्यंत. सिस्टरला शिव्या, सुईला शिव्या, मायच्या नावानं हाका. सुई टोचून झाली की दोन हुंदके, आणि लगेच, "आज भाजी कायची हाय वं?" माझी पाळी आली की मी दात आवळून म्हणायची, "नाही हो सिस्टर, काही दुखत नाही." आणि मग दुपारपर्यंत मला ती जागा ठणकत राहायची, शिवाय उद्याची सुई आजच टोचायला लागायची. बेबीला उद्याची सुई उद्याच टोचायची. हे मला तेव्हा कळलं नाही. तेव्हा मला फक्त तिच्या तोंडात बोळा कोंबावासा वाटायचा.

तिला शी आली की साऱ्या वॉर्डाला कळायचं. भूक लागली की कळायचं. रविवारी तिची माय यायची, ती परत निघाली की ही जो गळा काढायची तो बस सुटून जाईपर्यंत चालायचा. मी एकदा म्हटलं, "बेबी, एवढं रडलीस तर आईला किती वाईट वाटेल."

ती म्हणाली, "वाटलंच पाह्यजे ना."

माझ्याकडे मिस्टर यायचे, दोन पाळ्यांच्या मधून, दमलेले. मी म्हणायची, "रोज रोज कशाला येता, दगदग होते." मग ते एक दिवसाआड यायला लागले, मग दोन दिवसाआड. मी हसून निरोप द्यायची आणि ते गेले की मला त्यांचा भयंकर राग यायचा. बेबीची माय मात्र मजुरी पाडून, दोन बस बदलून दर रविवारी हजर असायची, कारण आपण गेलो नाही तर पोरगी वॉर्ड डोक्यावर घेईल हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दर पंधरा दिवसांनी मी वैशालीला पोस्टकार्ड लिहायची. पाठीवर पडून पेन चालत नाही, शाई खाली उतरत नाही, म्हणून शिसपेन्सिलीनं. दिल्लीत थंडी आहे. दिल्लीत कुतुबमिनार आहे, तो खूप उंच आहे. मी कधी दिल्ली पाहिलेली नव्हती. कार्ड मिस्टरांच्या खिशातून घरी जायचं.

पाणी

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला घेतलं. त्या मुलीच्या आईनं बाकी काही वाचलं नाही तरी हे वाचावं.

मे महिना होता. नवतपा, म्हणजे उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू झालेला. वाळ्याचा कूलर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्यापर्यंत नुसता त्याचा आवाज यायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, औषधं जड आहेत, पाणी भरपूर प्या. मिस्टरांनी सुरई आणून दिली होती, आणि चोचीचा कप भरून कोणीतरी माझ्या डावीकडच्या स्टुलावर ठेवायचं.

पण पाणी प्यायलं की पॉट मागावा लागायचा. पॉट मागितला की आयाबाई म्हणायची, "आत्ताच तं देल्ला होता! किती वेळा मांगाचा वं बाई?" हे ती सगळ्यांनाच म्हणायची. मुलं तिला उलट ओरडायची, "आन लवकर, नाई तं इथंच होते!" आणि ती पळत यायची. मी शरमेनं अर्धी व्हायची. तेहतीस वर्षांची नोकरदार बाई, दोघींनी धरून साचा कलता करायचा, मध्ये एक फाटका पडदा. मग मी ठरवलं की दिवसातून दोनदाच मागायचा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. त्यासाठी पाणी तोडलं. कोणी टोकू नये म्हणून कप हळूच कलता करून पाणी फरशीवर सांडायची. त्या उन्हाळ्यात फरशी वाळायला दहा मिनिटं पुरायची.

आपल्याकडच्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. बसचा प्रवास असला, लग्नघर असलं, ऑफिसात धड संडास नसला, की आम्ही सकाळपासून पाणी पीत नाही आणि त्याला सोशिकपणा म्हणतो. मी दवाखान्यात, औषधांवर, भर नवतप्यात तेच केलं.

तीन आठवड्यांनी मला थंडी वाजून ताप भरला. पोटात, कमरेत कळा. लघवीला आग, आणि ती लाल. डॉक्टर आले, मोठे डॉक्टर आले. पायथ्याशी उभे राहून इंग्रजीत बोलायला लागले. एवढं मला समजलं की रोग मूत्रपिंडात उतरला असावा असं त्यांना वाटतंय, आणि तसं असेल तर औषधं बदलावी लागतील, नंतरचं काही सांगता येत नाही. मला वैशाली दिसायला लागली. शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, हातात कार्ड घेऊन. आपण मेलो तर ही पोरगी दिल्लीहून आई यायची वाट बघत बसेल, असं माझ्या मनात आलं.

मोठे डॉक्टर वाकले. "पाणी भरपूर पिता ना?"

"हो डॉक्टर," मी म्हणाले. मरायला टेकले होते तरी हो डॉक्टर!

"खोटं बोलते थे!" डावीकडून आवाज आला. "पाणी पेतच नाई. खाली सांडते. मुताची लाज वाटते तिले."

सारा वॉर्ड हसला. शिकाऊ डॉक्टर हसले, आयाबाई हसली, एक पोलिओची चिमुरडी काही न कळता टाळ्या वाजवायला लागली. मोठे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "खरं आहे का?" आणि मी छताकडे बघत म्हणाले, "हो."

त्या क्षणी मला त्या पोरीचा गळा दाबावासा वाटला, हे मी लपवत नाही. सलाईन लावलं. तपासणी झाली, मूत्रपिंडात टीबी नव्हता. पाणी न पिऊन ओढवून घेतलेलं दुखणं होतं, आठवड्याभरात उतरलं. मोठे डॉक्टर राउंडला म्हणाले, "आणखी आठ दिवस कळलं नसतं तर आम्ही भलत्याच रोगावर उपचार करत बसलो असतो."

मी बेबीशी चार दिवस अबोला धरला. तिला त्याचा पत्ताच लागला नाही. ती बोलत राहिली, मी उत्तर दिलं नाही तर दुसऱ्या बाजूच्या पोरीशी बोलायची आणि परत माझ्याकडे वळायची. रुसण्यातली सगळी मेहनत फुकट गेली. पाचव्या दिवशी माझा पाण्याचा तिसरा कप झाला, आणि मी पहिल्यांदा तोंड उघडून मोठ्यानं ओरडले, "पॉट!"

आयाबाई पळत आली. कुरकुरत आली, पण आली.

मोठ्यानं

पावसाळा अर्धा सरला तेव्हा एका दुपारी बेबीनं विचारलं, "तुह्या पोरीले काहून नाई आनत?"

"ती लहान आहे. घाबरेल इथं."

"मी बी तं लहान हावो."

मी म्हटलं, तिची आजी नको म्हणते. बेबी म्हणाली, "मंग रड ना. मोठ्यानं रड." एखाद्या अडाण्याला साधी गोष्ट समजावून सांगावी तशी ती सांगत होती.

हा माझा आजार असा जवळ बसल्यानं लागत नाही, हे डॉक्टरांनी मिस्टरांना दोनदा सांगितलं होतं. पुढच्या शनिवारी भेटीच्या वेळेत ते आले. मी म्हणाले, "मला वैशालीला बघायचंय."

"बघू. आईशी बोलतो. दिवाळीपर्यंत काहीतरी करू."

नेहमीची मी असते तर "बरं" म्हणाले असते. ते "बरं" ओठावर आलंही होतं. त्याऐवजी मी रडायला लागले. सुरुवात मुद्दाम केली, हे कबूल करते. पण एकदा आवाज फुटल्यावर तो माझ्या ताब्यात राहिला नाही. पाठीवर पडून रडलं की पाणी कानात जातं, नाक चोंदतं, आणि आवाज असा निघतो की आपलाच आपल्याला ओळखू येत नाही. भेटायला आलेली माणसं डबे उघडे टाकून बघायला लागली.

"सुमन," मिस्टर खालच्या आवाजात म्हणाले, "लोक पाहून राहिले."

"पाहू द्या! माझी पोरगी आणा. दिवाळीला नाही, उद्या. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला जितेपणी मारून टाकलं. आणि मी पण तुम्हाला सामील झाले. मला पोरगी पाहिजे!"

ते उठून गेले. कान लाल झालेले. मी तास-दीड तास रडले. सिस्टर रागावली, मग तिनं पाणी दिलं. बेबी टक लावून बघत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "झालं?"

घरी त्या संध्याकाळी काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सासूबाई त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी नीट बोलल्या नाहीत, एवढं सांगते.

रविवार

दुसऱ्या दिवशी चार वाजता मला चपलांचा आवाज आला, एक मोठ्या आणि एक लहान. दार माझ्या उजवीकडे होतं, आणि उजवीकडे माझी मान वळत नव्हती. मला छतच दिसत होतं. सहा महिने या भेटीची वाट पाहिली होती आणि मी पंख्याकडे बघत पडले होते.

"ये बाळा," मी म्हणाले. कोणी जवळ आलं नाही.

"तू दिल्लीले नव्हती," वैशालीचा आवाज आला.

"नव्हते."

"मला माहीत होतं. पोस्टकार्डावर शिक्का नव्हता. बाईंनी शाळेत सांगितलं, पोस्टात टाकलेल्या पत्रावर शिक्का मारतात." मग ती म्हणाली, "मला वाटलं तू मेली. अन् बाबाच लिहितात."

मिस्टरांनी "वैशू" म्हणून तिला गप्प करायचा प्रयत्न केला. मी म्हणाले, "बोलू द्या तिला." सहा वर्षांच्या पोरीनं आई मेली असं ठरवलं होतं, आणि घरातल्या मोठ्यांना ते तिला सांगायचं नाहीये म्हणून महिनोन्‌महिने कार्ड आलं की आनंद झाल्यासारखं दाखवलं होतं. आमचं शहाणपण तिनं बरोबर उचललं होतं. मला माझी शरम वाटली. आजाराची वाटली होती, पॉटची वाटली होती, पण ही वेगळी होती.

"मी मेले नाही," मी म्हणाले. "मला टीबी झालाय. मी तुझ्याशी खोटं बोलले. आजीनं नाही, मी."

स्टूल फरशीवरून ओढल्याचा आवाज झाला. त्यावर चढताना ती एकदा घसरली, परत चढली. मग माझ्या आणि छताच्या मध्ये तिचा चेहरा आला. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. तो कधी पडला हे मला माहीत नव्हतं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, हात उचलला आणि माझ्या गालावर जोरात चापट मारली.

मिस्टर धावले. मी म्हणाले, "राहू द्या." गाल चुरचुरत होता. त्या सगळ्या महिन्यांत आमच्या घरच्या कोणी माझ्याशी इतकं खरं वागलं नव्हतं.

ती रडली नाही, मिठीही मारली नाही. राग काढून झाला होता, तो संपला होता. आता ती वाकून प्लास्टर बघत होती. तिनं त्यावर नखानं टकटक केलं.

"तुला खाज आली तर?" तिनं विचारलं.

"कोणाला तरी सांगावं लागतं."

"आत्ता येते का?"

"हो," मी म्हणाले. "मानेच्या मागं. कधीची येते."

तिनं बोटं आत घातली आणि खाजवायला लागली. नखं वाढलेली होती, कोणी कापली नव्हती. लागत होतं. मी तिला तसं सांगितलं, आणि तिनं हळू केलं.